दाखवायची चामखीळ

वैद्यबुवांच्या दवाखान्यात सगळ्यात गुणकारी काय असेल, तर मेहुण्याच्या मानेवरची चामखीळ. काढे, भस्मं, लेप, क्षार सगळं तिच्यानंतर. डाव्या बाजूला, जबड्याच्या जरा खाली ती होती. चिंचोक्याएवढी, तपकिरी, देठावर उभी. तिच्या जिवावर वैद्यबुवांचा दवाखाना चालत होता आणि मेहुण्याचं दोन वेळचं जेवण भागत होतं.

मेहुणा म्हणजे वैद्यबुवांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला नाव होतं, पण इथे आल्यापासून ते कुणी वापरलं नाही. घड्याळं दुरुस्त करायचं त्याचं दुकान बसलं, तेव्हा चार दिवस ताईकडे राहतो म्हणून आला आणि लोणच्यासारखा मुरला. फुकट बसून खातोस तर निदान बाहेरच्या खोलीत बसून लोकांना नंबराप्रमाणे आत सोड, असं ताईनं सुनावलं. म्हणून तो बाकावर बसायला लागला. त्याची हुशारी तोवर कुणाला ठाऊक नव्हती, त्यालाही नव्हती.

एकदा पापण्यांवर बारीक मस आलेला एक जाडा गृहस्थ आत जाऊन आला. वैद्यबुवांनी त्याला लांबलचक पथ्य आणि त्याहून लांब औषधयोजना सांगितली होती. तो चपला घालता घालता मेहुण्याच्या मानेकडे बघत राहिला आणि म्हणाला, की तुम्ही तर इथेच राहता, मग तुमची कशी गेली नाही? प्रश्न रास्त होता. खोलीतली सगळी डोकी वर झाली. मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्या कोरड्या तोंडातून आपोआप निघालं, की गेली नाही कशी, अहो, ही लिंबाएवढी होती. जाडा गृहस्थ चपला काढून परत आत गेला आणि औषधं घेऊन आला. पडद्यामागे वैद्यबुवांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी जेवताना त्यांनी मेहुण्याला स्वतःच्या हातानं दुसऱ्यांदा वाढलं. ताईचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

तेव्हापासून तो बाकावरचा पेशंट झाला. गळ्याला मफलर, डावी बाजू दाराकडे. नवा माणूस येऊन टेकला की मेहुणा आधी एक उसासा टाकायचा. मग उकडतंय असं पुटपुटत मफलर सैल करायचा. माणसाची नजर मानेवर गेली की बोलायची घाई करायची नाही, हे तो अनुभवानं शिकला. समोरच्यानंच विचारलं पाहिजे. विचारलं की लिंबू सांगायचं. जुना पेशंट फिरून आला आणि चामखीळ तेवढीच कशी म्हणाला, तर शेवटचं मूळ राहिलंय, तेच चिवट असतं, असं सांगून त्यालाच धीर द्यायचा. लोक आपलं दुखणं विसरून त्याची चौकशी करत. असा मान त्याला घड्याळांच्या दुकानात कधी मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला तो आवडायला लागला होता.

आत वैद्यबुवांचं वेगळंच चालायचं. त्यांच्याकडे चामखीळ म्हणजे नुसती चामखीळ नसे. खरबरीत आणि टोचणारी असेल तर ती वाताची, काळसर लाल आणि आग होणारी असेल तर पित्ताची, गुळगुळीत आणि कातडीच्याच रंगाची असेल तर कफाची. तीळ वेगळे, मस वेगळे, जन्मखूण वेगळी, गाठ वेगळी. हे सगळं ते डोळे मिटून सांगत, आणि डोळे मिटलेले असल्यामुळे समोरच्याची चामखीळ त्यांना दिसत नसे. पण शास्त्रात सगळं आहे, असं म्हटल्यावर वैद्यानं आणखी बघायचं कशाला? वाताला हिरव्या डबीतला क्षार, पित्ताला लाल डबीतला, कफाला पांढऱ्या डबीतला. तिन्ही डब्या ताई एकाच बरणीतून भरायची. बारक्या चामखिळी त्या क्षारानं खरंच गळून पडत, हेही सांगायला हवं. उगाच कुणावर अन्याय नको.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मेहुण्याची चामखीळ वाढायला लागली.

आधी ती काळी पडली. मग तिचा देठ रुंद झाला आणि ती मानेवर बैठक मारून बसली. मेहुण्यानं पहिल्यांदा त्याकडे धंद्याच्या नजरेनंच बघितलं. चामखीळ चिंचोक्याएवढी होती तोवर लिंबू शोभत होतं. ती बोराएवढी झाल्यावर लिंबात दम राहिला नाही, म्हणून त्यानं मोसंबं सांगायला सुरुवात केली. आणखी वाढली तेव्हा नारळावर आला. तेव्हा एका शाळामास्तरांनी शांतपणे विचारलं, की मग तुम्ही मान कशी उचलत होता? मेहुणा म्हणाला, उचलत नव्हतो, उशीवरच असायचो. मास्तरांनी मान डोलावली आणि औषध घेतलं. शिकलेल्या माणसाला तपशील दिला की तो गप्प बसतो.

पण इस्त्रीवालीला तपशील देऊन भागेना. दवाखान्याच्या समोर तिचं दुकान होतं. मेहुणा तिच्याकडे गरजेपेक्षा जरा जास्तच शर्ट टाकायचा आणि ते तिच्याही लक्षात आलेलं होतं, पण तो विषय दोघांनी काढलेला नव्हता. एकदा शर्टांचा गठ्ठा देताना तिनं सगळ्यात वरच्या शर्टाची कॉलर उलटून त्याच्यासमोर धरली. डाव्या बाजूला डाग होता. धुऊन फिका पडलेला, पण डागच. दाढी करताना रोज एकाच जागी कापून घेता का, असं तिनं विचारलं. मेहुण्यानं हसून टाळायला बघितलं. ती चामखीळ काय, दाखवण्यापुरती आहे, असं काहीतरी बोलला.

"दाखवण्यापुरती असेल," ती म्हणाली. "पण रक्त खरं आहे. आणि हा काही पहिला शर्ट नाही."

मेहुणा शर्ट घेऊन घरी आला आणि आरशासमोर उभा राहिला. इतकी वर्षं त्यानं जगाला ती चामखीळ दाखवली होती, स्वतः मात्र कधी नीट बघितली नव्हती. आता बघितली. कडा वेड्यावाकड्या पसरल्या होत्या. एका बाजूला खपली, खपलीखाली ओल. ही आपली रोजची ओळखीची चामखीळ नव्हे, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. तो घाबरला. साधासुधा नाही, हातपाय गार पडतील इतका घाबरला.

दवाखाना रिकामा झाल्यावर त्यानं वैद्यबुवांकडे विषय काढला. भावोजी, माझी काढून टाका, म्हणाला. वैद्यबुवा डब्या लावत होते. त्यांनी मागे न बघताच त्याची समजूत घातली. आता ऋतू बरा नाही, शरीर शुद्ध नाही, आधी पोट साफ व्हायला हवं, पुढे बघू. मेहुण्यानं हेच पथ्य बाहेर बसून इतक्या वेळा ऐकलं होतं, की पुढचं वाक्य त्यानंच पुरं केलं. तेव्हा कुठे वैद्यबुवा वळले, आणि त्याच्या मानेकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघून मनातलं बोलले.

"अरे, ती गेली तर तू बसणार कुठे?"

प्रश्न खराच होता. चामखीळ होती म्हणून बाक होता, बाक होता म्हणून ताट होतं. तो मफलर गुंडाळून आत गेला. पुढे बरेच दिवस तो फक्त गडद रंगाचे शर्ट घालत होता.

शेवटी उशीनं फितुरी केली. ताई अभ्रे बदलायला आली आणि मेहुण्याच्या उशीवरचा डाग बघून तिथेच थांबली. तिनं भावाला बखोट धरून स्वयंपाकघरात आणलं, मफलर ओढून काढला, आणि नवऱ्याला अशा आवाजात हाक मारली, की वैद्यबुवा हातातली डबी तशीच घेऊन धावत आले. बघा, ती म्हणाली. खिडकीशी या आणि डोळे उघडे ठेवून बघा.

वैद्यबुवांनी भिंग आणलं. खिडकीशी उभं राहून त्यांनी बघितलं, बोटानं कड चाचपली, जबड्याखाली दाबून बघितलं. आणि मेहुण्यानं जन्मात पहिल्यांदा वैद्यबुवांना गप्प झालेलं पाहिलं. वात नाही, पित्त नाही, कफ नाही. चेहरा कढी फाटल्यासारखा झालेला. त्यांना येत नव्हतं अशातला भाग नव्हता. तरुणपणी चांगले शिकले होते, हुशार म्हणून नाव होतं. पुढे बाहेर बाकावर मेहुणा मिळाला आणि आत बघायची गरज संपली.

मग ते हळूच म्हणाले, की ही चामखीळ नाही. शास्त्रात याचं वेगळं वर्णन आहे. खोल रुजतं, पसरतं, क्षार लावून चिडवायचं नसतं. मुळासकट काढावं लागतं. जरा जरी शिल्लक राहिलं तरी पुन्हा उभं राहतं, आणि दुसऱ्यांदा ते ऐकत नाही. हे माझ्या हातातलं काम नाही. उद्याच इस्पितळात जा.

"शास्त्रात होतं ना?" ताई म्हणाली. "मग इतकी वर्षं माझ्या भावाला दारात टांगून ठेवलंत, तेव्हा एकदा वाचावंसं वाटलं नाही? दुकानाच्या पाटीवरचीसुद्धा धूळ पुसतो माणूस."

वैद्यबुवांनी मान खाली घातली. पण मान खाली असतानाही डोकं चालूच असतं. थोड्या वेळानं ते मेहुण्याच्या खोलीत आले आणि समजावणीच्या सुरात सांगून गेले, की गावाच्या पलीकडच्या टोकाला मोठं इस्पितळ आहे तिकडे जा, इथल्या जवळच्या नको. मागच्या दारानं जा. मफलर नीट बांध. कुणी भेटलंच, तर लग्नाला चाललोय म्हण.

मेहुणा त्या बिनतारखेच्या लग्नाला एकटाच गेला. इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर कातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. इतके दिवस कुणाला दाखवलं नाही का, असं विचारलं.

"दाखवत होतो हो," मेहुणा म्हणाला. "रोज दाखवत होतो. बघितली कुणी नाही."

डॉक्टरीणबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी आधी तुकडा तपासायला पाठवला, आणि उत्तर आल्यावर आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट सगळं कापून काढलं. कापलेलंही तपासायला गेलं, आणि त्याचा निकाल येईपर्यंत मेहुण्यानं जे दिवस काढले ते त्याचे त्यालाच ठाऊक. त्यानं नको नको ते नवस मनातल्या मनात बोलून टाकले. अखेर बाईंनी सांगितलं, की कडा साफ निघाल्या आहेत, आत कुठे उतरलेलं दिसत नाही, तपासायला मात्र येत राहा. थोड्यात वाचलात, असंही म्हणाल्या. मेहुणा जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला. येणारे जाणारे त्याला वळसा घालून जात होते.

मानेवर लांब ताजा व्रण घेऊन तो घरी आला. ताईनं त्याला जवळ घेतलं. वैद्यबुवाही गहिवरले, खोटं कशाला बोला. पण गहिवर ओसरायच्या आत त्यांना व्रणाची किंमत कळली. ते लांबून बघत, जवळून बघत, एक डोळा बारीक करून बघत. मग म्हणाले, की झालं ते बऱ्यासाठीच झालं. इतके दिवस आपण कमी होतेय असं सांगत होतो, आता समूळ गेली असं सांगता येईल. क्षाराच्या दोऱ्यानं बांधली, आपोआप गळाली, आणि हा व्रण म्हणजे दोऱ्याची खूण. असा पुरावा कुठल्या वैद्याकडे आहे? सोमवारपासून बस.

मेहुण्याला जायला दुसरी जागा नव्हती. तो सोमवारी बसला.

बाकावर पाववाल्या बाई होत्या. चौकातल्या बेकरीच्या मालकीण, हाताला कायम पिठाचा पांढरा थर. दोन-तीन महिने त्या दंडावरच्या काळ्या मसावर लाल डबीतला क्षार लावत होत्या. मस पसरतोय, ट्रेचा धक्का लागला की रक्त येतं, असं त्यांनी मागे बाकावर बोलून दाखवलं होतं, आणि मेहुण्यानंच त्यांना ठासून सांगितलं होतं, की रक्त येणं हे चांगलं लक्षण, दोष बाहेर पडतोय. आज त्यांनी बाही वर केली आणि मेहुण्यानं बघितलं. आता त्याला बघता येत होतं. वेड्यावाकड्या कडा, खपली, खपलीखाली ओल.

त्यानं खालच्या आवाजात त्यांना सांगितलं, की बाई, हे लावू नका. इस्पितळात जा. आजच. माझी दोऱ्यानं गळालेली नाही, तिथे कापून काढली आहे.

बाई त्याच्याकडे बघून हसल्या. वैद्यबुवांनी आत्ताच सगळ्यांना दोऱ्याची हकिकत सांगितली होती. मग काय वैद्यबुवा खोटं बोलतात, असं त्यांनी विचारलं, आणि तो हो म्हणाला तेव्हा सबंध बाक त्याच्यावर उलटला. बाईंच्या मागचा नंबर एका ट्रकड्रायव्हरचा होता. तो म्हणाला, वा, ओळखीच्या कुणाला पुढे घुसवायचं असेल, म्हणून आम्हाला वाटेला लावतोय. कोपऱ्यातल्या आजोबांनी जास्त मनाला लावून घेतलं. ज्या माणसानं नारळाएवढी गाठ घालवली त्याच्याच घरात बसून त्याची निंदा करायची, खाल्ल्या घरचे वासे मोजायचे, ही कसली जात, असं ते भिंतीला उद्देशून बोलले. मेहुण्यानं टाक्यांच्या खुणा दाखवल्या. ड्रायव्हरनं वाकून बघितल्या आणि दोरा किती सुबक बांधला होता म्हणून वैद्यबुवांचं कौतुक केलं.

मेहुण्याला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं त्यानं तोंडाला येईल ते सांगितलं आणि लोकांनी डोळे झाकून मानलं. आज एक खरं वाक्य बोलला, तर कुणी विकत घेईना. पाववाल्या बाई बाही खाली करत होत्या. आतून वैद्यबुवांचं खाकरणं ऐकू आलं, म्हणजे आतला पेशंट आता उठणार आणि बाईंना लाल डबी मिळणार. खरं बोलणं हा आपला धंदा नव्हे, हे मेहुण्याला तिथे उमगलं. जो धंदा येतो तोच केलेला बरा.

त्यानं एक उसासा टाकला. मान खाली घातली. बराच वेळ काहीच बोलला नाही.

ड्रायव्हरनंच विचारलं, की काय झालं?

मेहुण्यानं पडद्याकडे चोरून बघितलं आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. बाक सरकला. तुमच्यापुढे हरलो, तो म्हणाला. आता खरं सांगतो, पण माझं नाव कुठे घ्यायचं नाही. या डब्यांमधलं औषध वेगळं आणि मला दिलं ते वेगळं. ते भावोजी फक्त घरच्या माणसाला देतात. इथे ठेवतच नाहीत, चोरीला जाईल म्हणून. ते ठेवलंय पलीकडच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, कातडीच्या विभागात. तिथली डॉक्टरीणबाई भावोजींची पट्टशिष्या. पण तिच्यासमोर भावोजींचं नाव काढलंत तर ती साफ नाकारणार, तशी तिला शपथ आहे. आपण नुसतं जायचं, जागा दाखवायची आणि ती म्हणेल ते ऐकायचं. साधी असेल तर ती हसून घरी पाठवेल. पण तुकडा काढून तपासायला पाठवते म्हणाली, तर समजायचं, आपल्याला अस्सल औषध मिळणार.

"मला म्हणाली होती," मेहुणा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, पण त्याचाही उपयोग झाला.

पाववाल्या बाई सगळ्यात आधी उठल्या. औषध थोडंच उरलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. फार थोडं, मेहुणा म्हणाला, आजच जा, वाटेत बेकरीतसुद्धा थांबू नका. त्या गेल्या तसा ड्रायव्हर उठला, कारण आपला नंबर त्यांच्या मागे आहे हे तो विसरला नव्हता. आजोबांनी जाताना मेहुण्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माणूस मनानं चांगला आहेस म्हणाले. आतून बाहेर आलेल्या पेशंटला काहीच कळलं नाही, पण सगळे एका दिशेनं पळताहेत म्हटल्यावर हातातली पांढरी डबी बाकावर ठेवून तोही पळाला.

वैद्यबुवांनी आतून पुढचा म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. मग पडदा सारून स्वतः बाहेर आले. बाक रिकामा होता. त्यावर एक पांढरी डबी होती आणि मेहुणा आपले सगळे शर्ट बाहेर आणून, उभ्यानं घडी करून पिशवीत भरत होता.

"लोक कुठे गेले?"

"तुम्ही मला पाठवलंत तिथेच," मेहुणा म्हणाला.